शिल्लक

रात्री सव्वादोनला वाघूरचा पंप बोलतो.
पाणी आधी ऐकू येतं पायऱ्यांवर, मग दिसतं:
दूध जास्त झालेल्या चहासारखं,
अजिंठ्याचा डोंगर थोडा थोडा विरघळवून आणलेलं.
परवा वर कुठेतरी नाला फुटला म्हणे.

सहा काचेची पात्रं ओळीने मांडतो.
पहिल्यात चिमूटभर तुरटीचं पाणी,
पुढच्यात थोडं जास्त, पुढच्यात आणखी.
पाती फिरतात, आधी भरभर,
मग तान्ह्याला थोपटावं तशी.
चौथ्या पात्रात पुंजके धरू लागतात
आणि इथे मला दरवेळी बाप आठवतो,
जिनिंगमध्ये सरकीपासून रुई सोडवणारा,
भुवया पांढऱ्या, खिशातली तंबाखूही पांढरी.
त्याचं काम हवेत उडायचं.
माझं तळाशी बसतं.

चौथ्याचा आकडा वहीत लिहितो
आणि तेवढंच माप सगळ्या शहराला लावतो.

गोल टाकीवरचा पूल
तासाभरात एक फेरी घालतो,
बैल नसलेल्या घाण्यासारखा.
इथे पाण्याला घाई केलेली चालत नाही.
शहराला असते.
फोन येतो कुठल्याशा भाऊंच्या मेहुण्याचा:
टाकी भरली का?
बसतंय अजून, मी म्हणतो.
कोण बसलंय?
गाळ, साहेब.

सुभान तडवी रिटायर झाला तेव्हा
भाषण कर म्हटलं तर केलं नाही त्याने.
अमोनियाची बाटली माझ्या हातात दिली, बस.
काडीला कापूस गुंडाळायचा, बुडवायचा,
क्लोरीनच्या सिलिंडरवरून, सांध्यासांध्यांवरून
फिरवायचा, दृष्ट काढल्यासारखा.
गळत असेल तिथे पांढरा धूर उठतो.
"डोयाले दिसे तवलोंग छातीत गेलेलं राह्यते,"
असं म्हणून तो खोकायचा.
सत्तावीस वर्षं त्याने
एका शहराला हगवण लागू दिली नाही.
न झालेल्या हगवणीची नोंद
कुठल्या रजिस्टरात करतात, मला अजून सापडलं नाही.

वाळूही दमते.
मग तिला उलटं पाणी, खालून हवा,
दहा मिनिटं ती उकळल्यासारखी उसळते
आणि आमच्या सगळ्यांचं खाल्लेलं ओकून टाकते.
मग पुन्हा शांत पडून राहते,
पाणी पोटातून जाऊ देत.

सकाळी नमुने घ्यायला मीच जातो हल्ली, माणूस नाही.
लाइनीचं शेवटचं टोक:
केळीच्या बागेला लागून सहा घरं,
सहावं गेंदाबाई सपकाळेचं.
तिच्याकडे चौथ्या दिवशी पाणी, तेही करंगळीएवढं.
हंड्यांची रांग, खाली टोपली, टोपलीत कोंबडी.

"भो, पान्याले औषधीचा वास येऊ राह्यला."

मी काचेच्या नळीत पाणी घेतो,
दोन थेंब टाकतो, उजेडासमोर धरतो.
पिवळं. अगदी फिकं,
हरभऱ्याच्या वाळल्या पानासारखं,
पण पिवळं.

"पिवयं झालं म्हंजे खराब?"

नाही मावशी. पिवळं म्हणजे अजून शिल्लक आहे.

"काय शिल्लक?"

आता हिला काय सांगू.
अकरा किलोमीटर पाइप, चार ठिकाणचे गंजलेले जोड,
गटाराच्या अंगावरून गेलेली ती लाइन,
वाटेत जे जे भेटलं त्याच्याशी भांडून
शेवटच्या नळापर्यंत जे उरलं, ते.
तुम्हाला ज्याचा वास आला, तेच.

म्हणालो, राहू द्या. रात्रभर उघडं ठेवा, वास जाईल.

तिने पितळी पेला घासला, नळाखाली धरला,
आणि माझ्याच हातात दिला.
"तू पे आधी."

प्यालो.
सुभानच्या सदऱ्याचा वास आला.
ती माझ्याकडे बघत उभी होती,
हंडा भरून वाहू लागला तरी.