स्लोला थांबत नाही

थंड असते तोवर गाडी शहाणी.
चोक ओढा, दोन किका, काटा बाराशेवर,
ताक घुसळावं तसा आवाज.
सातव्या मिनिटाला इंजिन तापतं
आणि तिच्या अंगात येतं.
दोन हजार, तीन हजार,
मूठ कोणी पिळलेली नसताना.
मग धाप लागून खाली,
आणि बंद.

टॉडमॉर्डनमधला मार्च. भिंती आतून ओल्या.
डोरीन ग्रीनवुडच्या दगडी शेडमध्ये
मी गुडघ्यांखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या घेऊन बसलेली.
ती दारात, नॉर्मनचा कोट घालून,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
त्याला जाऊन चौदा महिने झाले.
गाडी अठ्ठ्याहत्तर सालची, साडेसहाशे यामाहा,
आणि मी औषधांच्या दुकानात गोळ्या मोजणारी बाई,
जिचा बाप इचलकरंजीत माग दुरुस्त करायचा,
डोळे मिटून.
म्हणायचा, आधी हात खिशात घाल.
यंत्राला बोलू दे.

तीन रविवार मी हात घातलेच.
प्लग काढले. डावा विटकरी, उजवा पांढराफटक.
तिथंच कळायला हवं होतं.
पण मी पॉइंट घासत बसले,
कार्बोरेटरच्या तळाची काकवी झालेली पेट्रोलची साय खरवडली,
तिच्या नातवाच्या गिटारची सगळ्यांत बारीक तार मागून घेतली
आणि जेटचं भोक टोचलं,
उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा टोचलं.
जोडलं सगळं.
थंड असताना शहाणी.
सातवं मिनिट. तेच.

चौथ्या रविवारी हात धुताना भिंत दिसली.
पेन्सिलीनं, बारीक अक्षरांत, तारखांपुढे तारखा:
पाव आटा मागे. अर्धा पुढे. पाव मागे.
पहिली तारीख नव्व्याण्णवची.
म्हणून स्लोच्या स्क्रूचं डोकं झिजून
त्याची वाटी झालेली.
नॉर्मनला दुखणं ठाऊक होतं.
त्यानं औषध केलं नाही, पथ्यावर काढली
वीसेक वर्षं.

मग मात्र हात खिशात घातले.
गाडी तापू दिली, चढू दिली, ओरडू दिली.
उजव्या बाजूला, खालून, शिट्टीच्याही अलीकडचं काहीतरी.
कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या रबरावर
फवारा मारला,
काटा मुकाट बाराशेवर आला.
फवारा उडाला, पुन्हा वर.

रबर काढून वाकवलं.
पोटात चीर, केसाएवढी,
तापल्यावरच तोंड उघडणारी.
इतकी वर्षं गाडी चोरून हवा खात होती.

नवं रबर पोस्टानं आलं, अठरा पौंडांत.
सात मिनिटं. दहा. पंधरा.
बाराशे.
मी बापाला दाखवावं तसं डोरीनकडे पाहिलं.
तिच्या हातातला चहा निवला होता.
"छान आहे," ती म्हणाली, "पण हा तो नाही."

मग सांगितलं, शेडच्या कडीशी चाळा करत:
रॉचडेल रोडच्या सिग्नलला तो थांबायचा,
गाडी आपली आपण चढायची,
खालच्या गल्लीपर्यंत ऐकू यायची,
आणि ती तव्यात अंडी फोडायची.
घड्याळ कधी पाहिलंच नाही.

मी समजावलं. ओल्या उतारावर
अशी गाडी माणसाला घेऊन जाते.
ती म्हणाली, हो गं, बरोबरच आहे तुझं.
फाटकं रबर उचलून कोटाच्या खिशात टाकलं.

पुढच्या रविवारी गाडी बाहेर काढली.
सिग्नल लाल.
खाली इंजिन बाराशेवर, ताक घुसळावं तसं,
माझं काम, एकही चूक नाही त्यात.
मागे भाकरीची व्हॅन, समोर रिकामा रस्ता.
मी मूठ पिळली, उगाच,
तीन हजारांपर्यंत,
आणि सोडायच्या आधी
थोडा वेळ तिथंच धरून ठेवली.