आले

मे महिन्यात रेकॉर्ड वाकते.
सत्तेचाळीस डिग्रीत नागपुरात काय वाकत नाही म्हणा,
पण ही टिनाच्या पेटीत, वाकळीच्या घडीत जपलेली
वॉर्साहून आलेली काळी तबकडी
पापडासारखी एका कडेला उचलली गेली.
आता सुई चढते, उतरते, चढते,
आणि गाणारा माणूस
दर फेरीला थोडा खाली जाऊन वर येतो.

बाबाला हे आवडलं असतं.
बाबा कन्हानपल्याडच्या खाणीत वाइंडिंगवर होता.
तीनशे फूट दोर, एक लिव्हर, एक घंटा.
तीन ठोके म्हणजे पिंजऱ्यात माणसं.
कोळसा इतका हळू उचलत नाहीत.

रेकॉर्डी झिबूसाहेबाच्या.
त्याचं पूर्ण नाव बाबाला कधी जमलं नाही,
नावात म्हणे स्वर कमी आणि माणूस जास्त होता.
दोन वर्षं यंत्रं बसवली,
सावजी रस्सा खाऊन रडला, रडत रडत पुन्हा मागितला,
आणि जाताना अकरा रेकॉर्डी अन् एक लोकरी टोपी
ठेवून गेला.
टोपीचं इथं काय करायचं?
आईनं तिच्यात लसूण ठेवला.

रात्रपाळी नसली की बाबा लावायचा.
रॉक म्हणावं तर मध्येच सॅक्सोफोन
भोंग्यासारखा लांबत जायचा,
जॅझ म्हणावं तर ड्रम दणादण,
आणि त्यावर तो माणूस, धड गातही नसलेला,
अंधारात कुणाला रस्ता सांगत असल्यासारखा.
कव्हरच्या आत घडीचा कागद. त्यावर कविता.
एलच्या पोटातून गेलेली आडवी काडी,
ए-ला खाली शेपटी.
बाबानं प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं
कानाला आलं ते लिहिलेलं :
ताक, ताक. मटका. कावा.
शेजारचे देवाजी निखारे वाचून म्हणाले,
"काऊन जी, उन्हाळ्याचं गानं हाय का हे?"

तिसऱ्या गाण्याचा शेवट मात्र
बाबा उभा राहून ऐकायचा.
वाद्यं थांबतात. तो माणूस एकच शब्द म्हणतो
दोनदा, दुसऱ्यांदा अगदी हळू :
आले. आले.
मग नुसता ऑर्गन घुमत राहतो.
"आयक बे पोरी, आले म्हनते तो.
समदे आले."
तेव्हा त्याचा उजवा हात
खुर्चीच्या दांड्याला धरून मागे ओढलेला असायचा.

एकदा पिंजरा वर यायला अख्खी रात्र लागली होती.
एवढंच मला माहीत आहे.

बाबा गेल्यावर कागद घेऊन गेले
सदरला, सिस्टर इरेनाकडे.
वय एक्याऐंशी. त्यांचं मराठी दवाखान्यातलं :
कुठे दुखतं, कधीपासून, जीभ दाखवा.
चष्मा पुसून त्यांनी वाचलं.
ताक म्हणजे हो.
मटका म्हणजे आई.
कावा म्हणजे कॉफी, आणि ती थंड झालेली आहे.
"आणि हे?" मी बोट ठेवलं.
"आले? आले म्हणजे पण."

खिडकीत दिवा ठेवला, अंगण झाडलं,
दार उघडंच टाकलं,
पण. पण.

पुढे?
पुढे काही लिहिलेलं नाही, सिस्टर म्हणाल्या,
पुढे वाजवतात.
मग कागदाची घडी मोडल्या रेषेवरच घालत
त्यांनी विचारलं, "कधीपासून?"
मला कळेना, रेकॉर्डीचं विचारतायत
की दुखण्याचं.

खोडरबर घेऊन बसले होते एका दुपारी.
म च्या जागी थोडा कागद विरला, तेव्हा थांबले.

आज कुलर बंद करून तिसरं गाणं लावलंय.
घामानं बोटं चिकटतात.
ऑर्गन खोल उतरतो, मी श्वास धरते,
वाकल्या जागी सुई लागते, टक्,
फिरून येते, टक्,
तिसरा ठोका कधी पडतो,
कधी नाही.