बुडबुडा

हिरव्या द्रावणाच्या नळीत उपडी एक इवली नळी,
तिच्या टोकाशी बुडबुडा.
खसखशीएवढा.
जुसारा चष्मा पुसून पुन्हा बघते. आहेच.

म्हणजे दाल्वानीराची बाटली गेली.
तापाजोस नदीपलीकडून, पहाटेच्या होडीने,
बर्फात, मांडीवर धरून सांतारेंच्या धक्क्याला लागलेली;
वर वहीच्या कागदावर तारीख, वेळ,
आणि कुणी विचारलं नसताना: "उजव्या बाजूचं."

साडेबासष्ट अंश, अर्धा तास, नेमाने तापवलेलं.
तरी काहीतरी उरलंच.
झाकणात, बोटात, पाण्यात, कुणास ठाऊक.

ती बेसिनमध्ये दूध ओतते, हळू,
जणू खाली कुणी झोपलंय.

तीन नंबरच्या पेटीत नऊशे दहा ग्रॅम.
त्याला आज दुसरीचं मिळेल, दोन मिलिलिटर,
नाकातल्या नळीतून.
मग त्याच्या ओठांवर येतो
तोही बुडबुडाच.
त्याला मात्र सगळी खोली हसते.

आता फोन.
"दूध वाईट" असं कधी म्हणायचं नसतं.
"झाकण पंधरा मिनिटं उकळ," जुसारा म्हणते,
"आणि शुक्रवारी ये. मी आहे."
पलीकडे होडीचं इंजिन, बराच वेळ. मग:
"डावीकडचंही आणू का?"