ड वर्ग

गेल्या मार्चपासून पंचायत समितीचं सगळं बोलणं
एका अ‍ॅपवर आलं.
व्हॉट्सअ‍ॅपवर शासकीय काही बोलायचं नाही, असं परिपत्रक निघालं,
आणि ते आम्हाला मिळालं
व्हॉट्सअ‍ॅपवरच.

माझ्याकडे काम एवढंच :
प्रत्येक संदेशाला वर्ग द्यायचा.
अ म्हणजे कायम. ब, तीस वर्षं. क, दहा.
ड म्हणजे वर्षभर, मग नष्ट.
अठरा वर्षं हेच केलं मी कागदांचं :
लाल रुमालात बस्ते बांधले, गाठीखाली चिठ्ठी खोचली,
डांबरगोळ्या टाकल्या,
कसर लागली तर मागच्या ओट्यावर ऊन दाखवलं.
संदेशाला कुठलं ऊन दाखवू?

नऊ पस्तीस : हो साहेब.
नऊ छत्तीस : हो साहेब. हो सर. अंगठा. अंगठा. जोडलेले हात.
अंगठा ही सही धरायची का,
असं मी नागपूरच्या प्रशिक्षणात विचारलं.
हॉल हसला. मग चहा आला.
उत्तर कुणी दिलं नाही,
पण जुन्या ठरावबुकांत निम्मं गाव
अंगठ्यावरच उभं आहे,
आणि ठरावबुक अ वर्गात येतं.

हातपंप पथकातला गुणवंत निखाडे टाइप करत नाही,
बोलून पाठवतो.
"मॅडम, बोरीखुर्दचा शाळेजवळचा पंप उपसून पाह्यला.
पानी दिसाले साफ हाये, पन पोट्ट्यायचे दात पाहा एकडाव.
फोटू टाकतो."
मागे साखळीचा खडखडाट, कोणाची तरी बकरी,
आणि एक पोरगी हसते आहे,
फोटोसाठी ओठ वर कर म्हटल्यामुळे.

आवाजाला सॉफ्टवेअरमध्ये वर्ग नाही.
"इतर" निवडावं लागतं,
आणि इतर निवडलं की तो आपोआप ड होतो.
ते मीच निवडलं होतं.
मे महिना होता, सत्तेचाळीस नंबरचा संदेश,
जेवायची सुट्टी व्हायला आली होती.

आज पुन्हा मे.
कूलरमधलं पाणी संपलं, नुसता गरम भपकारा येतो.
पडद्यावर चौकट उघडली :
एक हजार दोनशे चौदा नोंदी
आज रात्री बारा वाजता नष्ट होतील. मान्य?

विस्तार अधिकारी भोयर म्हणाले,
"दाबा न बाप्पा मॅडम, ड ते ड. कायले वाचत बसता?"
मी वाचत बसले.
गुणवंतच्या आवाजाखाली एक राखाडी ओळ :
हा संदेश पुसला आहे.
उत्तर कोणाचं होतं हे तपासवहीत सापडतं,
किती वाजता आलं, किती वाजता पुसलं तेही.
रात्री अकरा बावन्न. अकरा चोपन्न.
दोन मिनिटं काहीतरी लिहिलेलं होतं तिथं.
काय, ते नाही सापडत.
पुसलं हे मात्र पुसता येत नाही,
तेवढी एक गोष्ट या यंत्राने बस्त्यांपेक्षा बरी केली.

तक्रार नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज नाही.
वर्तमानपत्रात चार ओळी नाहीत.
तरी खाली कोपऱ्यात एक कळ आहे, कोणी न दाबलेली :
नाशास स्थगिती.
ती दाबली की कारण मागते.

मी लिहिलं : पंप चालू आहे.
यंत्र म्हणालं, कारण अपुरं. किमान तीस अक्षरं.

बाहेर शिपाई तुमराम बादलीने कूलर भरत होता.
पाण्याचा आवाज संपेपर्यंत मी थांबले.
मग लिहिलं :
पंप चालू आहे. शाळा सव्वीस जूनला उघडते. पोरं तेच पाणी पितात.

यंत्राने घेतलं.
गुणवंतला कळवलं, तुझा आवाज ठेवला म्हणून.
त्याचा अंगठा आला.
त्याला मी अ दिला.

लेखापरीक्षण पुढच्या महिन्यात आहे.