गाळलेली जागा

नेवार्कच्या सुपरमार्केटात, सात नंबरच्या काउंटरवर
अर्लीन दूध, पाव, मांजराचं खाणं सरकवते.
छतातून गाणं झिरपतंय:
कोरसला गोड गळ्याची पोरगी,
मधे क्वामेच्या आठच ओळी.

सोळा होत्या.
बंद लिफ्टच्या दारावर ठेका धरून
जिन्यात म्हणायचा, तेव्हा मोजल्या होत्या तिनं.
कापलेल्यांत त्याचा भाऊ होता,
आणि तिनं उधार दिलेली अंडी.

अत्तराच्या जाहिरातीत तो आता भिंतीएवढा,
दात सोन्याचे, नजर कुणाकडेच नाही.

रांगेतली मुलगी ओठ हलवते, सगळं पाठ.
एका जागी शब्द पुसलाय.
नेमका तिथे
अर्लीनचा स्कॅनर वाजतो.

शिवी नव्हती गं ती.
आमच्या गल्लीचं नाव होतं.