संदर्भ हवा

रात्री साडेअकराला दिवाळे गावातून प्रश्न येतो:
'सर, माझं वाक्य कुणी काढलं?'

मीच काढलं, दमयंती.
'आमच्या खाडीत जिताडा हाताने धरायचे' –
यातलं 'आमच्या' इथं चालत नाही.
आणि धरायचे, हे कुठे छापून आलंय?

'बाबांनी धरलाय.'

बाबा संदर्भ होत नाहीत, असं लिहितो.
खोडतो.
नेरूळला, सेक्टर वीसमध्ये, पंखा कुरकुरतो.
पहिल्या आठवड्यात मी चारदा सही विसरलो होतो,
कुणी ओरडलं नव्हतं.

मग लिहितो: वर 'इतिहास' अशी कळ आहे, दाब.
काढलेलं सगळं तिथं राहतं,
तारखेसकट, तुझ्या नावासकट.

बराच वेळ काही नाही.

'दिसलं.
माझ्या वर तुमचं नाव आहे.
बाबा विचारतायत,
हा कधी खाडीत उतरलाय का?'