एक खण रिकामा

हिंगणघाटच्या अलीकडे, सूतगिरणीच्या मागे,
तीन एकरांत
मला अठरा मीटर उंच गोदाम उभं करायचं आहे,
माणसाशिवाय चालणारं.

पहिला वाद मातीशी.
काळी माती पावसाळ्यात भाकरीसारखी फुगते,
मे महिन्यात तिच्या भेगांत मूठ जाते,
आणि माझ्या रॅकला तळाशी चालतो
फक्त तीन मिलिमीटरचा फरक.
खाली तीन, तर वर पन्नास,
मग क्रेनचे काटे पॅलेटऐवजी
हवा उचलून आणतील.
मी आराखड्यात मुरूम ओतला, पाइल उतरवले,
रॅकच्याच डोक्यावर छप्पर ठेवलं.

जुनं गोदाम उकंडराव झाडे सांभाळतात.
त्यांचं सॉफ्टवेअर म्हणजे
दाराच्या पाठीवर खडूच्या रेघा.
चाळीस काउंटचे कोन कुठे, हे ते अंधारात सांगतात.
इथे अंधार काही कमी पडत नाही.

लॅपटॉपवर त्यांनी पाहिलं:
आठ हजार चारशे खण, सगळे भरलेले, सगळे हिरवे.
"बाई, एकही रिकामा नाही ठेवला काहून?"
जागा महाग आहे, मी म्हणाले.
"मंग मांगचा माल काढाचा असन
त पुढचा ठेवसान कुठी?"

रात्री गेस्टहाउसवर सिम्युलेशन लावलं.
शंभर टक्क्यांवर दोन शटल
अरुंद पुलावरच्या ट्रॅक्टरांसारखे
नाकाला नाक लावून उभे.
ब्याण्णववर सगळं वाहतं झालं.
तीन दिवस मी त्यांना हे सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी त्यांच्या नावाचं विचारलं.
"माह्या आधीचे दोन गेले जी.
मंग मले जल्मल्याबरोबर
सुपात घालून उकंड्यावर ठेवलं.
शेजारनीनं उचललं,
मायनं पायलीभर जवारी देऊन वापस घेतलं.
यमाले पत्ताच नाही गावला."

बारकोड वाचता न आलेला माल
जिथे थांबेल, पुन्हा तपासून आत घेतला जाईल,
तो दाराजवळचा, सर्वांत खालचा खण
अजून बिननावाचा होता.
मी नाव टाइप केलं. पुसलं.
विचारायला हवं होतं.

ते शिडीवर होते.
नमुन्यादाखल लावलेल्या सेन्सरच्या डोळ्यावर
सरकीचं तूस बसलेलं,
ते बाहीने पुसत होते.
"हे आंधळं होऊन राह्यलं.
दर घंट्याले पुसा लागन.
लिवलं का तुमच्या कागदात?"

नव्हतं लिहिलं.